गूगलची अ‍ॅड ग्रँट पुन्हा बंद पडली? नवी एजन्सी शोधण्याआधी हे तपासा

"आपली गूगलची जाहिरात बंद पडलीय, कोणी चांगली एजन्सी सुचवेल का?" लहान संस्थांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा निरोप अधूनमधून येतोच. मग कुणीतरी ओळखीच्या मुलाचा नंबर देतं, तो मुलगा खातं सुरू करून देतो आणि काही महिन्यांनी तोच निरोप पुन्हा. अशी खाती मार्गी लावणं हे माझं नेहमीचं काम आहे. त्यावरून सांगतो, एजन्सी चांगली की वाईट हा प्रश्न नंतरचा. बंद पडलेल्या खात्यांत दोन गोष्टी हटकून सापडतात: खात्याचा ताबा संस्थेकडे नसतो, आणि जाहिरातीतून संस्थेला नेमकं काय हवंय हे त्या खात्याला कुणी सांगितलेलंच नसतं. हे दोन्ही तसंच ठेवून एजन्सी बदलली तर फक्त बिल बदलतं.

ज्यांना ही योजना नवी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. गूगल २००३ पासून सेवाभावी संस्थांना सर्चवरच्या जाहिराती फुकट देतं, हीच अ‍ॅड ग्रँट. मर्यादा महिन्याला १०,००० डॉलर, म्हणजे दिवसाला ३२९ डॉलर. हे पैसे हातात येत नाहीत आणि उरले तर पुढच्या महिन्यात जमाही होत नाहीत. जाहिरात फक्त मजकुराची असते आणि पैसे मोजणाऱ्यांच्या जाहिरातींच्या खाली लागते. सरकारी कार्यालयं, रुग्णालयं आणि शाळा-महाविद्यालयं यांना ती मिळत नाही.

लक्षणं

तुमच्याकडे यातलं काय दिसतंय ते आधी ओळखा.

खातं चालू आहे, जाहिराती मंजूर आहेत, पण दिवसाला दोन-चार डॉलरच खर्च होतात. हे सगळ्यात जास्त आढळतं. कीवर्ड (ज्या शोधशब्दांवर जाहिरात दिसावी ते), बोली (एका क्लिकसाठी लावलेली किंमत) आणि कन्व्हर्जन (जाहिरातीवरून आलेल्याने फोन, फॉर्म, देणगी असं काही करणं), तिन्ही बघावी लागतील.

खात्यावर लाल पट्टी आहे आणि तीत खातं निष्क्रिय केल्याचं लिहिलंय. नियम मोडलाय, पण बहुधा परत मिळतं.

खर्च जोरात आहे, अहवालात क्लिक हजारोंनी आहेत, पण ऑफिसचा फोन वाजत नाही. कन्व्हर्जन चुकीचं मोजलं जातंय.

खात्यात शिरताच येत नाही. पहिल्या तपासणीपासून सुरुवात करा, बाकी सगळं नंतर.

खातं निलंबित झालंय. निष्क्रिय आणि निलंबित यांत मोठा फरक आहे. निलंबित असेल तर खालच्या तपासण्या करत बसू नका, थेट "इथे थांबा" या भागाकडे जा.

पहिली तपासणी: किल्ली कोणाकडे?

खर्च शून्य, वेळ चहा पिण्याएवढा. गूगल अ‍ॅड्समध्ये 'अ‍ॅक्सेस अँड सिक्युरिटी' उघडा आणि अ‍ॅडमिन कोण कोण आहे ते वाचा. बऱ्याचदा तिथे परदेशी शिकायला गेलेल्या जुन्या स्वयंसेवकाचा खासगी जीमेल असतो, किंवा फक्त एजन्सीचं मॅनेजर अकाउंट (ज्यातून ती अनेक ग्राहकांची खाती चालवते). संस्थेचा एकही माणूस नाही!

याला मी पहिला नंबर देतो, कारण गूगलच्या सूचना याच पत्त्यांवर जातात. एखादा नियम मोडला जातोय, हे गूगल कळवतं. वर्षातून एकदा ग्रँटधारकांचं सर्वेक्षण भरावं लागतं, त्याची मेलही मुख्य संपर्काला जाते. तो संपर्क म्हणजे कुणीही न उघडणारा इनबॉक्स असेल, तर सर्वेक्षण राहतं आणि तेवढ्या कारणानेही खातं बंद होतं. जाहिरातीचं काहीच बिघडलेलं नसतं.

संस्थेच्या डोमेनवरचे दोन पत्ते अ‍ॅडमिन करा: एक सचिवांचा, एक कार्यालयाचा. स्वयंसेवक किंवा एजन्सीच्या माणसाला 'स्टँडर्ड' अ‍ॅक्सेस पुरतो. त्यात कॅम्पेन बदलता येतात, पण दुसऱ्याला आत घेता किंवा बाहेर काढता येत नाही. 'गूगल फॉर नॉनप्रॉफिट्स'चं खातं (ज्यातून संस्थेला ही ग्रँट मिळते) वेगळं असतं, तिथलेही अ‍ॅडमिन तपासा. बंद खाती पुन्हा उघडताना लोक ते विसरतात.

दुसरी तपासणी: कीवर्डची यादी

यालाही पैसे लागत नाहीत, फक्त डोळे लागतात. ग्रँटच्या खात्यात एका शब्दाचा कीवर्ड चालत नाही. अपवाद तीनच: संस्थेचं स्वतःचं नाव, मान्यताप्राप्त आजारांची नावं, आणि गूगलने दिलेल्या छोट्या यादीतले शब्द. मराठी संस्था इथे न कळत अडकतात. वृद्धाश्रम, नेत्रदान, रक्तदान, व्यसनमुक्ती, बालसंगोपन ही सगळी कामं आपण एकाच शब्दात लिहितो. इंग्रजीत दोन शब्दांचा असलेला आणि म्हणून नियमात बसलेला कीवर्ड मराठीत आणला की नियमाबाहेर जातो. तेव्हा "वृद्धाश्रम" काढा आणि "पुण्यातील वृद्धाश्रम", "आजीसाठी वृद्धाश्रम", "वृद्धाश्रम मासिक शुल्क" असं लिहा. "नेत्रदान" काढा, "मरणोत्तर नेत्रदान कसे करावे" ठेवा. असंही लांब वाक्य टाइप करणाऱ्याला खरोखर काहीतरी करायचं असतं.

"मोफत व्हिडिओ", "आजच्या बातम्या" यांसारखे कशालाही लागू पडणारे कीवर्डही चालत नाहीत. "एनजीओ" आणि "देणगी" हे दोन शब्द सुटे टाकण्याचा मोह सगळ्यांना होतो. नियम बाजूला ठेवला तरी त्यांतून हाती काही लागत नाही.

आता क्वालिटी स्कोअर, म्हणजे कीवर्ड, जाहिरात आणि पान एकमेकांशी किती जुळतात याचे गूगलने १ ते १० मध्ये दिलेले गुण. हा रकाना आपोआप दिसत नाही, 'कॉलम्स'मध्ये जाऊन चालू करावा लागतो. १ किंवा २ असलेले कीवर्ड ग्रँटमध्ये ठेवता येत नाहीत, किमान ३ हवा. रकान्यात नुसती रेघ असेल तर पुरेशी माहिती जमलेली नाही इतकंच, तो कीवर्ड राहू द्या. दर आठवड्याला हाताने तपासायचा कंटाळा येणारच, म्हणून एक स्वयंचलित नियम लावून ठेवा: स्कोअर ३ पेक्षा कमी झाला की कीवर्ड थांबव.

तिसरी तपासणी: पाच टक्के

संपूर्ण खात्याचा सीटीआर (जाहिरात जितक्या वेळा दिसली त्यातले किती क्लिक झाले, ते प्रमाण) दर महिन्याला किमान ५ टक्के हवा. जाहिरात १,००० वेळा दिसली तर ५० क्लिक. सलग दोन महिने याखाली गेला की खातं निष्क्रिय होतं. लोक लगेच जाहिरातीचा मजकूर बदलायला घेतात. थांबा, आधी 'सर्च टर्म्स' अहवाल उघडा. लोकांनी खरोखर काय टाइप केलं ते त्यात दिसतं, आणि रोगाचं मूळ बहुतेकदा तिथेच असतं.

नेत्रदानाचं काम करणाऱ्या संस्थेचं खातं घ्या. २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा नेत्रदान पंधरवडा. ऑगस्टच्या शेवटी जाहिरात दिसण्याचा आकडा एकदम चढतो आणि सगळे खूश होतात. अहवाल उघडला तर आत काय? "नेत्रदान निबंध", "नेत्रदान घोषवाक्य", "नेत्रदान पोस्टर", "नेत्रदान भाषण मराठी". सगळी शाळेतली मुलं. त्यांना निबंध हवाय, तुमच्या जाहिरातीत तो नाही, म्हणून ती क्लिक करत नाहीत. ऑगस्ट आणि सप्टेंबर असे दोन महिने सलग घसरतात आणि ऑक्टोबरात खातं निष्क्रिय. झाडं लावणाऱ्या संस्थांच्या बाबतीत ५ जूनच्या आसपास हेच होतं.

उपाय फुकटचा आहे. निगेटिव्ह कीवर्डची, म्हणजे ज्या शब्दांवर जाहिरात दाखवायची नाही त्यांची, यादी करा: निबंध, भाषण, घोषवाक्य, पोस्टर, चित्र, नोकरी, भरती, पगार. देवनागरीत लिहा आणि रोमन लिपीतही लिहा, कारण आपले लोक मोबाइलवर मराठी रोमनमध्येच टाइप करतात आणि एका लिपीतला निगेटिव्ह शब्द दुसऱ्या लिपीतला शोध अडवत नाही. रोमनमध्ये एकाच शब्दाची चार-पाच रूपं असतात. अहवालात दिसतील ती सगळी टाका. (एखाद्या संस्थेला मुलांनी यावं असंच वाटत असेल तर तेही चांगलं आहे. मग निबंधाला उपयोगी पडेल अशी माहिती देणारं पान करा आणि त्याची स्वतंत्र जाहिरात लावा. दोन्हीची खिचडी नको.)

चौथी: मांडणी, ठिकाण, भाषा

हे झटपट. प्रत्येक कॅम्पेनमध्ये किमान दोन अ‍ॅड ग्रुप (एका विषयाचे कीवर्ड आणि जाहिराती यांचा गट), खात्यात किमान दोन साइटलिंक (जाहिरातीखाली दिसणाऱ्या जादा लिंक). नियमच आहे, अर्ध्या तासात होतं.

ठिकाणाकडे जरा नीट बघा. साताऱ्यात काम करणाऱ्या संस्थेची जाहिरात देशभर दिसत असेल तर सीटीआर पडणारच. पण ठिकाण आंधळेपणाने आखडूही नका. पुण्यातला वृद्धाश्रम शोधणाऱ्यांत न्यू जर्सीत किंवा दुबईत बसलेली मुलं पुष्कळ असतात. त्यांच्यासाठी वेगळं कॅम्पेन करा: कीवर्डमध्ये "पुणे" हवंच, ठिकाण मात्र त्यांचं. भाषेत मराठीबरोबर इंग्रजीही निवडा, कारण ज्यांचा फोन इंग्रजीत आहे अशी मराठी माणसं ढिगाने आहेत.

पाचवी तपासणी: वेबसाइट

इथून पुढे थोडा खर्च लागू शकतो. संस्थेचं स्वतःचं डोमेन, एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी), तुटलेल्या लिंक नाहीत, पानांवर इतरांच्या जाहिराती नाहीत, संस्था काय करते हे सांगणारा पुरेसा मजकूर आहे: इतकं गूगल मागतं. जाहिरात फक्त मंजूर झालेल्या डोमेनवरच नेता येते. नवं डोमेन घेतलं असेल तर आधी परवानगी मागा.

आपल्याकडचा नेहमीचा दोष वेगळाच. वेबसाइटवर मजकूरच नसतो, चित्रं असतात. कार्यक्रमपत्रिकेचा स्कॅन, वर्तमानपत्राच्या कात्रणाचा फोटो, डीटीपीवाल्याने केलेलं माहितीपत्रक जसंच्या तसं जेपीजी करून चढवलेलं. माणसाला ते वाचता येतं, पण गूगलला त्या पानाचा विषय नीट कळत नाही. मग "मरणोत्तर नेत्रदान कसे करावे" हा कीवर्ड आणि तुमचं पान यांचा संबंध त्याला दिसत नाही, आणि क्वालिटी स्कोअर २ वर अडकतो. जाहिरात कितीही सुधारा, तो हलत नाही. तीच माहिती युनिकोडमध्ये टाइप करून घ्या. गावातला टायपिस्टही हे करून देईल. प्रत्येक कामाला एक पान, पानाच्या वरच्या भागात फोन नंबर. जाहिरातीवरून येणाऱ्या सगळ्यांना होमपेजवर आणून सोडू नका.

सहावी, आणि खरी: कन्व्हर्जन

यात वेळ जातो, पण सगळा खेळ इथेच आहे. कन्व्हर्जन म्हणजे जाहिरातीवरून आलेल्या माणसाने संस्थेच्या उपयोगाचं काहीतरी केलं: फोन लावला, फॉर्म भरला, देणगी दिली. ग्रँटच्या नियमानुसार दर महिन्याला निदान एक खरं कन्व्हर्जन नोंदलं गेलं पाहिजे. २२ एप्रिल २०१९ पासून उघडलेल्या खात्यांत तर कन्व्हर्जनवर आधारलेली बोलीच वापरावी लागते. ग्रँटमध्ये एका क्लिकच्या बोलीवर असलेली २ डॉलरची मर्यादाही त्याच प्रकारच्या बोलीत सुटते. म्हणजे रोज चार डॉलर खर्च होणाऱ्या खात्याला मोकळं करायचा रस्ता इथूनच जातो.

आता दोन टोकं दिसतात. पहिलं: कुणीतरी "होमपेज उघडलं" हेच कन्व्हर्जन म्हणून लावलेलं असतं. अहवालात यशाचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या पुढे! ते बघून विश्वस्त खूश. पण गूगलचं यंत्र सांगितलं तेच शिकतं. पान उघडणारा कोणीही त्याला यशस्वी वाटतो, मग ते सगळ्यात सहज पान उघडणारी माणसं आणत राहतं. फोन का वाजत नाही, त्याचं उत्तर हे. शिवाय असलं कन्व्हर्जन नियमातही बसत नाही.

दुसरं टोक अस्सल आपल्याकडचं. देणगीच्या पानावर यूपीआयच्या क्यूआर कोडचं चित्र असतं. देणगीदार फोनने स्कॅन करतो, पैसे थेट बँकेत जमा होतात, आणि वेबसाइटला याची गंधवार्ताही नसते. देणग्या येतात, कन्व्हर्जन शून्य. पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) असेल तरी देणगीदार गेटवेच्या पानावर जातो आणि परत "धन्यवाद" पानावर आणला जात नाही. तिथेही नोंद तुटते.

त्याला सोपी वाट आहे. ८०जी पावतीसाठी (देणगीदाराला आयकरात सवलत मिळते ती) संस्थेला देणगीदाराचं नाव, पत्ता आणि पॅन लागतोच. क्यूआर कोडच्या खाली "पावतीसाठी इथे माहिती भरा" असा फॉर्म ठेवा आणि तो भरला जाणं हे कन्व्हर्जन धरा. गेटवेवाल्याला परतीचा पत्ता तुमच्या डोमेनवरच्या "धन्यवाद" पानाचा द्यायला सांगा. फोन नंबरवर आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या बटणावर पडणारा क्लिकही मोजा. आपल्याकडे फॉर्म भरणारा एक तर फोन करणारे दहा, असंच चित्र असतं. नवं कन्व्हर्जन लावल्यावर स्वतः मोबाइलवरून एकदा फोन लावून, फॉर्म भरून बघा आणि नोंद झाली का ते दुसऱ्या दिवशी तपासा.

बोली यानंतरच बदला. कन्व्हर्जन नीट मोजलं जात नसताना 'मॅक्सिमाइझ कन्व्हर्जन्स' (कन्व्हर्जनवर आधारलेली बोली) लावलं की यंत्राला धरायला काहीच सापडत नाही आणि खर्च आहे त्याहून खाली येतो. बदल केल्यावर दोन-तीन आठवडे हात लावू नका. रोज काहीतरी ढवळणारा माणूस खात्याला दुर्लक्षाइतकाच महाग पडतो.

इथे थांबा

खातं निष्क्रिय झालं असेल तर दोष दुरुस्त करून पुन्हा सुरू करण्याचा अर्ज तुम्ही स्वतः करू शकता. आधी दुरुस्ती, मग अर्ज. पण पुढच्या गोष्टी घरच्या घरी करायच्या नाहीत.

खातं निलंबित असेल आणि कारणात वेबसाइटवर घातक सॉफ्टवेअर असल्याचं लिहिलं असेल, तर वेबसाइट बहुधा हॅक झालीय. स्वतःचं डोमेन गूगलवर शोधा. तुमच्या नावाखाली जुगाराची किंवा चिनी-जपानी लिपीतली पानं दिसली तर खात्रीच. वेबसाइट साफ करणारा जाणकार बोलवा. ती साफ होण्याआधी अपिलावर अपील करून काहीही होत नाही.

निलंबन टाळायला दुसऱ्या नावाने नवं खातं उघडू नका. "पुतण्या करून देतो म्हणाला" हे वाक्य इथे सगळ्यात धोक्याचं. गूगल ते यंत्रणेला चकवणं मानतं, आणि मग परतीचा रस्ता फारच अवघड होतो.

ग्रँटच्या खात्यात कार्ड किंवा बँकेचा तपशील कुणी मागत असेल तर हात आखडा. ग्रँटसाठी तो लागत नाही. पैसे देऊन जाहिरात करायची असेल तर त्याचं खातं वेगळं ठेवतात.

पात्रतेचाच प्रश्न आला तर तो जाहिरातवाल्याचा विषय नाही. एकाच न्यासाची शाळा, दवाखाना आणि वसतिगृह असतं, वेबसाइट एकच असते, आणि पडताळणीत "ही शैक्षणिक संस्था आहे" असा शेरा येतो. किंवा धर्मादाय आयुक्तांकडच्या प्रमाणपत्रावरचं नाव आणि वेबसाइटवरचं नाव जुळत नाही. सीए किंवा न्यासाचं काम बघणारे वकील यांना विचारा. कागद कसे जुळवायचे ते त्यांनाच कळतं.

मग खातं कोणी सांभाळायचं?

सहाही तपासण्या झाल्या की हा प्रश्न बराच सोपा होतो. खातं रुळावर असेल तर आठवड्याला एक-दोन तास पुरतात: सर्च टर्म्स वाचणं, निगेटिव्ह शब्द घालणं, कन्व्हर्जन येतायत का बघणं. एक-दोन कामं करणाऱ्या लहान संस्थेत कार्यालयातली एखादी चटपटीत व्यक्ती हे सहज करते. खोल्या भरलेल्या आणि प्रतीक्षायादी असलेल्या वृद्धाश्रमाला महिन्याला १०,००० डॉलर संपवण्याची गरजच नाही. ग्रँट पूर्ण वापरलीच पाहिजे असा नियम नाही. विश्वस्तांना हे पटवणं मात्र कधीकधी सीटीआरपेक्षा अवघड जातं.

स्वयंसेवक उत्साही असतात आणि सुरुवात उत्तम करून देतात. परीक्षा आली किंवा नोकरी बदलली की त्यांचा वेळ जातो, त्यात त्यांचा दोष नाही. फक्त खातं त्यांच्या नावावर नको.

एजन्सी घ्यावी ती काम पसरलेलं असेल तर: चार-पाच उपक्रम, दोन-तीन शहरं, देणगीची मोहीम, आणि कार्यालयात कुणालाच सवड नाही. शुल्क ग्रँटमधून जात नाही, संस्थेच्या खिशातून जातं. ते दरमहा ठरावीक ठेवा. "खर्च झालेल्या ग्रँटच्या अमुक टक्के" असं शुल्क मागणाऱ्याला मी सरळ नाही म्हणतो. त्याचा फायदा जास्त खर्चात असतो, आणि जास्त खर्च करायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे तुमच्या कामाशी संबंध नसलेले कीवर्ड.

बोलणी करताना विचारा: कन्व्हर्जन म्हणून काय मोजणार? "क्लिक" असं उत्तर आलं तर चहा संपवा आणि उठा. करारात लिहून घ्या की एजन्सी आपलं मॅनेजर अकाउंट तुमच्या खात्याला जोडेल, तुमचे दोन अ‍ॅडमिन कायम राहतील, अ‍ॅनालिटिक्स आणि टॅग मॅनेजर (वेबसाइटवरची मोजणी करणारी गूगलची साधनं) हेही संस्थेच्याच पत्त्यावर असतील, आणि काम थांबल्यावर जोडणी तोडण्याचा हक्क तुमचा असेल. अहवाल मराठीत मागा, एका पानाचा: किती फोन, किती फॉर्म, किती पावत्या, आणि या महिन्यात कोणते शब्द काढले.